द्यूतगृहाचा धनी कोण?

जुगार वाईट, एवढेंच सांगावयाचें असतें तर लेखणी हातीं धरण्याचें प्रयोजन नव्हतें. ज्या घरांत सभापर्वाची कथा सांगितली जाते, त्या घरांतील आठ वर्षांच्या मुलासही तें ठाऊक असतें. परंतु त्या कथेंतील एका गोष्टीकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. फासे शकुनीनें टाकले, राज्य धर्मराजानें लाविलें, विटंबना दुःशासनानें केली. हीं सर्व नांवें आपल्या तोंडीं आहेत. परंतु ज्या सभेंत हें घडलें ती सभा कोणाची? व्यासांनीं तें स्पष्ट सांगून ठेविलें आहे. धृतराष्ट्रानें ती या द्यूतासाठींच मुद्दाम बांधविली. तिला हजार खांब होते, शंभर दारें होतीं, सोन्यारत्नांचें काम होतें. खेळणारे निराळे आणि जागेचा धनी निराळा. धनी स्वतः एकही फासा टाकीत नाहीं. आपल्या आसनावर बसून काय जिंकलें, एवढीच चौकशी तो करितो.

हा प्रश्न आज पुन्हां विचारण्याचें कारण असें, कीं तशा सभा आतां आपल्या दाराशीं येऊन ठेपल्या आहेत. पुण्याहून रात्रीं गाडींत बसलेला मनुष्य सकाळीं पणजीस उतरतो, आणि सायंकाळीं मांडवीच्या कांठीं जाऊन उभा राहिला म्हणजे नदींत नांगरलेलीं दिव्यांनीं लखलखणारीं जहाजें त्याच्या दृष्टीस पडतात. त्यांस कॅसिनो म्हणतात. तेथें गायन आहे, भोजन आहे, आदरातिथ्य आहे. आणि त्या सर्वांच्या मधोमध जुगाराचीं मेजें आहेत. सुशिक्षित घरांतील तरुण मंडळी ‘नुसतें पाहण्यासाठीं’ म्हणून तेथें जातात. त्यांनीं जाण्यापूर्वीं हें पाहुणचाराचें घर कोणाचें, व त्याचा खर्च कोण भरतो, एवढें जाणून घ्यावें, हाच या लेखाचा हेतु.

सभिक आणि राजा

आपल्या शास्त्रकारांनीं जागेच्या या धन्यास ‘सभिक’ असें नांव दिलें आहे. मनु जुगाराचा कट्टा वैरी. निर्जीव वस्तूंनीं खेळतात तें द्यूत, सजीव प्राणी झुंजवून खेळतात तो समाह्वय, अशी व्याख्या करून हीं दोन्ही राजानें राज्याबाहेर घालवावीं, असें तो नवव्या अध्यायांत सांगतो. याज्ञवल्क्य मात्र व्यवहाराकडे पाहतो. सभिकानें मोठ्या पणावर शेंकडा पांच व लहान पणावर शेंकडा दहा घ्यावे, त्यांतून राजास ठरलेला भाग द्यावा, आणि त्याच्या बदल्यांत राजानें त्याचें रक्षण करावें, अशी त्याची व्यवस्था आहे. एके ठिकाणीं खेळूं दिलें म्हणजे चोर ओळखूं येतात, हें कारणही तो देतो. कौटिल्य तर याहून पुढें जाऊन द्यूताध्यक्ष नांवाचा अधिकारीच नेमतो. नेमलेल्या जागेबाहेर खेळणारास बारा पण दंड. जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच अध्यक्षाचे. शिवाय फाशांचें भाडें वेगळें, पाण्याचे पैसे वेगळे, जागेचे पैसे वेगळे. पाण्याचे आणि जागेचे पैसे! हॉटेल आणि जुगार यांची सोयरीक आजकालची नव्हे, हें यावरून वाचकांच्या लक्षांत येईल.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या दुसऱ्या अंकांत माथुर नांवाचा असाच एक सभिक आहे. दहा सुवर्णांसाठीं तो संवाहकाच्या पाठीस लागतो. बिचारा संवाहक एका ओसाड देवळांत शिरून स्वतःच मूर्ति होऊन उभा राहतो. अखेर वसंतसेना आपलें कंकण देऊन त्यास सोडविते, आणि तो विरक्त होऊन भिक्षु बनतो. प्रेक्षक संवाहकासाठीं हळहळतात. माथुराचें काय झालें, हें कोणी विचारीत नाहीं. त्याचे दहा सुवर्ण त्याला पोंचले.

एक लहानसें अंकगणित

प्राचीन सभिक आपला शेंकडा पांच उघडपणें मागून घेई. आजचा धनी तो मागत नाहीं. त्यानें तो यंत्रांतच बसवून ठेविला आहे. रूलेट नांवाचें जें फिरतें चाक असतें, त्यास अमेरिकेंत ३८ घरें असतात: १ ते ३६ हे अंक, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. एखाद्या अंकावर रुपया लाविला व तोच अंक आला, तर लाविलेला रुपया परत मिळून वर ३५ रुपये मिळतात. आतां कोणी अतिशहाण्यानें अडतीसही घरांवर एकेक रुपया ठेविला असें समजा. त्याचे ३८ रुपये गेले आणि ३६ परत आले. उरलेले दोन रुपये धन्याचे. म्हणजे शेंकडा ५·२६. युरोपांतील चाकावर दुहेरी शून्य नसतें, म्हणून तेथें हा वांटा शेंकडा २·७० पडतो.

शेंकडा पांच म्हणजे कांहीं फार नव्हे, असें वरवर वाटतें. परंतु शंभर रुपये घेऊन बसलेला मनुष्य दर डावास दहा रुपये याप्रमाणें दोनशें डाव खेळला, तर त्या चाकावरून दोन हजार रुपये फिरतात, आणि सरासरीनें त्यांतील १०५ रुपये धन्याकडे जातात. मुद्दल शंभर रुपयेच होतें! यांत लबाडी कांहीं नाहीं, फासे भारलेले नाहींत, हातचलाखी नाहीं. एखाद्या रात्रीं एखादा जिंकेल, आणि तो जिंकावा अशीच धन्याचीही इच्छा असते, कारण त्याच्या आरोळीनें दहाजण मेजाजवळ येतात. एका रात्रीचें दैव खेळणाराचें असूं शकेल. वर्षाची सरासरी धन्याचीच.

वाळवंटांतील नगर

या धंद्याची राजधानी म्हणजे अमेरिकेंतील नेवाडा राज्याचें लास व्हेगस हें शहर. त्या स्पॅनिश नांवाचा अर्थ ‘कुरणें’. रखरखीत वाळवंटांत कांहीं झरे होते व त्यांच्या आश्रयानें गवत उगवे, म्हणून हें नांव पडलें. १५ मे १९०५ रोजीं रेल्वे कंपनीनें तेथील जमिनीच्या तुकड्यांचा लिलाव केला आणि शहर जन्मास आलें. नेवाडानें १९०९ सालीं कायदा करून जुगार बंद केला होता. पुढें जागतिक मंदीच्या काळांत, १९३१ च्या मार्च महिन्यांत, तोच पुन्हां खुला केला. त्याच वर्षीं जवळच कोलोरॅडो नदीवर प्रचंड धरणाचें काम सुरू झालें, व हजारों मजुरांचा पगार त्या गांवांत खेळूं लागला.

१९४१ सालीं शहराच्या हद्दीबाहेर, लॉस अँजेलिसकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ‘एल रांचो व्हेगस’ हें पहिलें मोठें कॅसिनो हॉटेल उघडलें. १९४६ च्या डिसेंबरांत ‘फ्लेमिंगो’ उघडलें. त्याचा सूत्रधार बगसी सीगल हा गुन्हेगारी टोळ्यांतील नामांकित पुरुष. सहा महिन्यांतच, जून १९४७ मध्यें, त्याचा गोळ्या घालून खून झाला. हॉटेल मात्र चालूच राहिलें. पुढें अनेक हॉटेलांच्या उभारणीस मोटारवाहकांच्या संघाच्या निवृत्तिवेतन-निधींतून कर्जें मिळालीं. ज्या ट्रकचालकांनीं जन्मभर कष्ट करून म्हातारपणासाठीं पैसा सांचविला, त्यांच्या नकळत त्यांचा पैसा जुगारगृहांच्या भिंतींत चिणला गेला. निवृत्तिवेतनावर जगणारास ही गोष्ट विशेष जाणवते.

१९६६ सालीं हॉवर्ड ह्यूज हा विक्षिप्त कोट्यधीश ‘डेझर्ट इन’ हॉटेलच्या वरच्या मजल्यांवर राहावयास आला. त्यानें जागा सोडावी असा मालकांचा तगादा सुरू होतांच त्यानें तें हॉटेलच १९६७ सालीं विकत घेतलें, व पाठोपाठ आणखीही घेतलीं. १९६७ व १९६९ सालीं नेवाडानें कायदे बदलून भागभांडवलाच्या सार्वजनिक कंपन्यांस कॅसिनोची मालकी मोकळी केली. टोळीवाले मागें पडले आणि संचालक मंडळें आलीं. अलीकडे तर हॉटेल चालविणारा एक व जमिनीचा धनी दुसराच, असा प्रकार सुरू झाला आहे. ‘बेलाजिओ’ या प्रसिद्ध हॉटेलची इमारत व जमीन २०१९ सालीं ब्लॅकस्टोन या गुंतवणूक-संस्थेनें घेतली. पूर्वींचे मालक तेथें भाडेकरू म्हणून राहिले. एवढ्या ऐंशी वर्षांत मालकीची अशी उलथापालथ झाली. दरोडेखोराच्या जागीं सभ्य हिशेबनीस आला. परंतु त्या चाकावरचीं ३८ घरें आणि ३६ रुपयांचा परतावा यांत फरक पडला नाहीं.

महाराष्ट्र व गोवा: एका वर्षाचे दोन कायदे

आतां आपल्याकडे वळूं. मुंबई इलाख्यांत जुगाराच्या अड्ड्यांस बंदी करणारा कायदा १८८७ सालचा. स्वातंत्र्यानंतर जुगार हा धंदा म्हणून करण्याचा नागरिकास मूलभूत हक्क आहे काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला. मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला हा तो खटला. बंगलोरच्या एका साप्ताहिकांतील बक्षिसांच्या कोड्यांवरून तो उद्भवला होता. १९५७ सालीं निकाल देतांना न्यायालयानें ऋग्वेदांतील अक्षसूक्त, महाभारत व स्मृति यांचा आधार घेऊन, जुगार हा व्यापारच नव्हे, तो व्यापाराच्या कक्षेबाहेरचा आहे, असें ठरविलें. वेदवचन सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत अशा रीतीनें कामीं आलें, हें संस्कृताच्या अभ्यासकांनीं अभिमानानें लक्षांत ठेवावें.

तथापि राजास धनाची गरज असते. १२ एप्रिल १९६९ रोजीं महाराष्ट्र राज्याची सोडत सुरू झाली. पुण्याच्या लष्करांतील घोड्यांच्या शर्यती तर त्याच्या फार पूर्वींपासून परवान्यानें चालत आल्या आहेत. आणि १९७६ सालीं एक चमत्कारिक योगायोग झाला. त्या एकाच वर्षीं गोवा, दमण व दीव यांच्यासाठीं सार्वजनिक जुगारास बंदी करणारा कायदा झाला, आणि महाराष्ट्रांत कॅसिनोंस परवाने देऊन त्यांवर कर बसविणारा कायदा झाला. ज्यानें बंदी केली त्या गोव्यांत आज कॅसिनो आहेत. ज्यानें परवानगीचा कायदा केला त्या महाराष्ट्रांत एकही नाहीं.

हें असें कसें झालें? महाराष्ट्राचा कायदा संमत झाला, परंतु तो अमलांत आणण्याची अधिसूचना कोणत्याच सरकारनें काढिली नाहीं. पक्ष बदलले, मुख्यमंत्री बदलले, मधून मधून कॅसिनोंमुळें पर्यटन वाढेल अशी मागणीही झाली. पण सही कोणी करीना. ४७ वर्षें तो कायदा पुस्तकांत निजून राहिला, आणि २०२३ सालीं रद्द करण्यांत आला. आपल्या राज्यकर्त्यांच्या हातून अनेक गोष्टी केल्यामुळें हानि झाली असेल. ही एक गोष्ट न केल्यामुळें लाभ झाला, असें आम्हांस वाटतें.

गोव्याचा मार्ग उलट. १९९२ च्या दुरुस्तीनें पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांस वाट करून देण्यांत आली. १९९६ च्या दुरुस्तीनें किनाऱ्यापासून दूर असलेल्या जहाजांवर मेजावरील जुगारास परवानगी मिळाली. कायद्याचे शब्द असे, कीं वाचणारास अथांग समुद्राची कल्पना यावी. प्रत्यक्षांत तीं जहाजें मांडवी नदींत, पणजीच्या हमरस्त्यावरून हांक मारली तर ऐकूं जाईल इतक्या अंतरावर उभीं राहिलीं. अशा सहा जहाजांचा ताफा तेथें जमला. पणजीच्या नागरिकांनीं मोर्चे काढिले. विरोधांत असतांना ‘हीं जहाजें नदींतून घालवूं’ म्हणणारे पुढें सत्तेवर आले. तरी जहाजें तेथेंच राहिलीं व मुदतवाढ मिळत गेली. कारण गूढ नाहीं. वार्षिक परवाना-शुल्कच कोट्यवधि रुपयांचें, शिवाय कर वेगळा. आणि हजारों तरुणांचा रोजगार तेथें गुंतलेला. ज्या घरांत त्या पगारानें चूल पेटते, त्या घरापुढें नीतीचें व्याख्यान देणें सोपें नाहीं, हेंही न्यायानें म्हटलें पाहिजे.

परंतु गोवा सरकारनें केलेली एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांस कॅसिनोंत खेळण्यास बंदी झाली. तेथें नोकरीस असणाऱ्यांनीं तेवढें आंत जावें. याच सुमारास राज्याच्या कर-आयुक्तांकडेच जुगार-नियंत्रणाचें काम सोंपविण्यांत आलें. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष अशा रीतीनें पुन्हां आसनस्थ झाला! युरोपांत मोनॅको नांवाचें चिमुकलें संस्थान आहे. तेथील माँटे कार्लोचें द्यूतगृह १८६३ पासून प्रसिद्ध आहे. त्याच्या उत्पन्नाच्या बळावर तेथील राजानें १८६९ सालीं प्रजेचा प्राप्तिकर माफ केला. मात्र प्रजेनें त्या घरांत खेळावयाचें नाहीं, असाच तेथेंही दंडक आहे. जी वस्तु आपल्या मुलांस देण्यास आपण धजत नाहीं, तीच शेजाऱ्याच्या मुलांस विकावी, असा या दोन्ही नियमांचा सरळ अर्थ होतो. आणि गोव्याच्या बाबतींत शेजाऱ्याचीं मुलें म्हणजे आपलीं.

केंद्रसरकारचाही यांत वांटा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोंत घेतलेल्या सोंगट्यांच्या पूर्ण किमतीवर शेंकडा २८ कर बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो शेंकडा ४० झाला. म्हणजे शंभर रुपयांच्या सोंगट्यांमागें चाळीस रुपये कर, आणि त्या शंभरांतून प्रत्येक डावास धन्याचा वांटा निराळा. याज्ञवल्क्याच्या राजाचा भाग याच्या मानानें फारच संकोची म्हणावा लागेल.

घरांतील धनी

मग आज या सभांचा धनी कोण? गोव्यांतील कांहीं जहाजें खाजगी मंडळींचीं आहेत. ‘डेल्टिन रॉयल’ वगैरे जहाजांमागची डेल्टा कॉर्प ही मात्र सार्वजनिक कंपनी असून तिचे भाग शेअरबाजारांत विकले जातात. या कंपनीचें नोंदणीकृत कार्यालय अनेक वर्षें कोठें होतें, हें वाचून पुणेकरांस आश्चर्य वाटेल: आपल्याच लष्कर भागांत, जनरल थिमय्या रस्त्यावर. यांत बेकायदेशीर असें कांहींच नाहीं. आमचा मुद्दा वेगळा आहे. भाग ज्यास घेतां येतो त्यास मालक होतां येतें. म्युच्युअल फंडांत मासिक हप्ता भरणारा सदाचारी गृहस्थ आपल्या पैशाचे भाग कोठकोठें घेतले जातात याची यादी सहसा वाचीत नाहीं. सत्यनारायणाची पूजा करणाऱ्या घरांतील पेटींतही सभिकपणाचा एखादा कण नसेल, असें खात्रीनें सांगवत नाहीं. अमेरिकेंतील ट्रकचालकांस तें ठाऊक नव्हतें. आपणांस निदान विचारतां तरी येतें.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची. जहाजावर जाण्यास तिकीट लागतें, वयाची २१ वर्षें पुरीं लागतात. मोबाइलवरील पैशाच्या रमीला यांपैकीं कशाचीच अडचण नव्हती. सभा खिशांत आली होती. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला. कायदा झाला तरी वाटा शोधणारे शोधतातच, म्हणून घरच्यांचें लक्ष हाच खरा पहारा.

एकत्र कुटुंबांस या बाबतींत शास्त्रानें मोठें संरक्षण दिलें होतें. बापाचें ऋण पुत्रानें फेडावें, हें पवित्र कर्तव्य. परंतु द्यूत, मद्य यांसाठीं केलेलें ऋण पुत्रावर बांधील नाहीं, असें मनु व याज्ञवल्क्य दोघेही सांगतात, आणि इंग्रजी अमदानींतील न्यायालयांनींही तें मान्य केलें. १८७२ च्या करार-कायद्याच्या ३० व्या कलमानें पैजेचा करार निरर्थक ठरतो. मुंबई इलाख्यांत तर १८६५ सालच्या कायद्यानें पैजेशीं निगडित व्यवहारांसही न्यायालयाचें दार बंद केलें होतें. पूर्वजांचा हेतु असा दिसतो, कीं एकाच्या व्यसनासाठीं सबंध घर विकलें जाऊं नये. परंतु आज मुलगा जुगाराचें कर्ज म्हणून कर्ज काढीत नाहीं. तो बँकेकडून वैयक्तिक कर्ज घेतो, क्रेडिट कार्डावर उचल करितो, आईच्या बांगड्यांवर सोनेतारण करितो. आणि तें ऋण कागदोपत्रीं अगदीं सभ्य असतें. तेथें ना मनु कामास येतो, ना कलम ३०.

अक्षसूक्तांतील जुगारी हरल्यावर त्याचे आई, बाप व भाऊही त्याला ओळख देत नाहींत, आणि अखेर त्याला शेती करण्याचा उपदेश केला जातो. आपण ओळख न देण्याची वेळ येऊं देऊं नये. महिन्याच्या पहिल्या रविवारीं घरांतील मिळवत्या माणसांनीं एकत्र बसून हप्ते, कर्जें, गुंतवणूक यांचा हिशेब मोकळेपणानें मांडावा; वडील माणसांनीं आपल्या गुंतवणुकीची यादीही त्यांतच ठेवावी, म्हणजे तरुणांस तपासणी एकतर्फी वाटणार नाहीं. कोणाचा हिशेब जुळत नसेल तर रागावण्यापूर्वीं रक्कम विचारावी, आणि ती लहान आहे तोंवरच घरानें मिळून फेडावी. धृतराष्ट्राच्या सभेंत भीष्म, द्रोण, विदुर असे सर्व वडील उपस्थित होते. विदुर तेवढा वेळेवर बोलला, आणि त्याचें कोणी ऐकलें नाहीं. आपल्या घरीं विदुराचें ऐकलें जाईल, एवढी व्यवस्था आपण करूं शकतों.